रत्नाला लागलेला दगड

रत्ना गेल्याचा फोन चंद्रपूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा माझ्या दुकानातल्या मशीनमधून तिच्याच प्रचाराचं पत्रक बाहेर येत होतं. दुपारचे बारा वाजले असतील. फोनवर तिचा नवरा देवाजी होता. "परमाभाऊ, मशीन बंद कर," एवढंच तो बोलला. मी बटण दाबलं, तर पत्रक अर्ध्यात अडकलं, आणि मी मशीनला शिव्या घालत तो कागद ओढत बसलो. माणूस गेल्याची बातमी ऐकून कोणी कागद ओढत बसतो का? मी बसलो.

दुसऱ्या दिवशी पेपरांत आलं की वनरक्षकाच्या काठीने विधानसभेच्या अपक्ष उमेदवार रत्नाबाईंचा मृत्यू झाला. त्या वनरक्षकाचं आडनाव पोरेटी. हे लिहितो आहे तेव्हा पाच आठवडे होत आले आणि तो अजून कोठडीत आहे. त्याची काठी रत्नाला लागली नाही. मी तिथे होतो. तरी पोलिसांना मी काठीच सांगितली आणि खाली सही केली. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि रत्नाबद्दल लिहायला चार शब्द पुरणारही नाहीत. पण हे आधी सांगितल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

रत्ना आणि मी जंगलाला लागून असलेल्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. चौथीत मी गुरुजींकडे तिची चुगली केली होती, तर तिने मधल्या सुट्टीत माझ्या पाठीत पाटी घातली. पाटी फुटली. घरी मार तिलाच बसला, पण दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अजून एक पाटी हाय घरी." असा तिचा स्वभाव. पुढे मी तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि ती वनहक्काचे, रस्त्याचे, कुंपणाचे अर्ज घेऊन येऊ लागली. तिचं अक्षर सुंदर होतं आणि भाषा झोंबणारी. मी म्हणायचो, थोडं नरम लिही. ती म्हणायची, "नरम लिहिलेलं कोनी वाचते का?"

तिला या कामात ओढलं ते तिच्या वडिलांच्या मरणाने. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका पहाटे ते मोहफुलं वेचायला गेले आणि वाघाने त्यांना मागून धरलं. आम्ही पोचलो तेव्हा एक पाय चपलेसकट झाडाखाली होता आणि बाकीचं शरीर नाल्याच्या उतारावर. टोपलीतली फुलं लाल झाली होती. रत्नाने पदर सोडला, त्यात बापाला गोळा केलं... हे शब्द लिहायलाही मला जड जातात, पण तिने ते केलं आणि रडली नाही. वनखात्याच्या साहेबांनी घाईघाईने प्रेत उचललं आणि पंचनामा कचेरीत बसून केला. त्यात लिहिलं की म्हातारा मनाई असलेल्या जंगलात खोलवर गेला होता, म्हणजे चूक त्याचीच. मोहाचं ते झाड आमच्या समोर, तिच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं होतं.

त्यानंतर तिने एक पद्धत लावली. वाघाने माणूस मारला की प्रेताजवळ गाव बसेल. साहेब तिथे येईल, तिथेच कागद लिहील, मोठ्याने वाचून दाखवेल, आणि मगच प्रेत उचललं जाईल. आसपासच्या गावांनी ही पद्धत उचलली. पुढच्या काही वर्षांत आम्ही अशी किती प्रेतं राखली, मला सांगायचं नाही. मान मोडलेली, पोट उघडं पडलेली, एकदा तर फक्त डोकं. रत्ना प्रत्येक ठिकाणी प्रेताच्या उशाशी बसे, माशा हाकलत. साहेब आला की उठून उभी राही आणि म्हणे, "लिहा साहेब. आमी आयकून राह्यलो."

निवडणुकीला तिला ग्रामसभांनीच उभं केलं. तिला मनातून नको होतं, मला फार हवं होतं. अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं ते खाट. विरोधकांना आयतंच सापडलं. मेलेल्याला ठेवायची खाट, म्हणून त्यांनी हसायला सुरुवात केली. रत्नाने पुढच्याच सभेत सांगितलं, "हो, मेलेल्याचीच हाय. तुमच्या घरचं कोन कोन खाटेवर आलं जंगलातून, ते आठवा अन् बटन दाबा." सभेत कोणी हसलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही निवडून येते.

मतदानाला आठ-दहा दिवस राहिले होते. धानाची कापणी जोरात होती. देवाजीची चुलत वहिनी कौशल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान कापत होती. उभ्या धानात दबून बसलेल्या वाघाने तिची मान पकडली. बाकीच्या बायांनी विळे फेकून मारले, ओरडल्या, तेव्हा त्याने तिला धुऱ्यावर टाकलं. तोवर ती गेली होती. गावाने तिला रस्त्यावर आणलं. वर झाकलेलं लुगडं सारखं ओलं होत होतं. पोरेटी एकटाच मोटरसायकलने आला, हातात काठी. साहेब निवडणुकीच्या कामावर होते. त्यांनी फोनवर कळवलं की आचारसंहिता आहे, आज काही लिहून देता येणार नाही.

इथे माझी करणी येते. मी सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकलं: बॉडी उचलू देऊ नका, रत्नाबाई येत आहेत. कौशल्याचा फोटोही टाकला, लुगडं बाजूला करून. मला गर्दी हवी होती. दोन तासांत रस्ता दोन्ही बाजूंनी भरला. तोंडाला दुपट्टा बांधलेला देवाजी मला त्या गर्दीत दिसला. रडून त्याचे डोळे सुजले होते.

रत्ना दुसऱ्या गावातला प्रचार सोडून आली. कौशल्याच्या उशाशी बसली, तिच्या तोंडातली माती बोटाने काढली, मग कडेला उभ्या असलेल्या तिच्या दोन मुलींकडे पाहिलं.

"परमा, हिले उचलू दे. लेकरं पाहून राह्यले."

मी म्हणालो, "साहेब आल्याशिवाय नाई. तूच लावली ना ही पद्धत?"

"बाबासाठी लावली होती. मतांसाठी नाई."

"आज उचललं तं निवडणूक गेली समज, रत्ना."

"मंग मले नको ते," ती म्हणाली. ती माझ्याशी बोललेली शेवटची गोष्ट ही.

तिने उभं राहून लोकांना सांगितलं की प्रेत उचला. कोणी ऐकेना. मागून कोणीतरी ओरडलं, बाई फुटली. तेवढ्यात पोरेटीच्या मोटरसायकलवर लाथ बसली, मग ती पेटली, आणि आग पाहिल्यावर लोकांचं डोकं पुरतं फिरलं. त्याला ओढला. चपला, बुक्क्या, विळ्याची मूठ... त्याचा कान फाटला आणि दात रस्त्यावर पडलेला मी पाहिला. "मी काय केलो? मी काय केलो?" एवढंच तो विचारत होता. बैलाच्या दाव्याने त्याला झाडाला बांधला आणि कोणीतरी बाटलीत पेट्रोल आणलं. रत्ना कोपरांनी माणसं बाजूला करत आत घुसली. बाटली हिसकून फेकली, विळ्याने दावं कापलं आणि पोरेटीला पाठीशी घालून दोन्ही हात पसरून उभी राहिली.

पहिला दगड कोणी मारला मला माहीत नाही. त्यानंतरच्यांत माझे दोन होते. मी पोरेटीला मारले, असं मी पाच आठवडे स्वतःला सांगतो आहे. खरं हे की मला त्या घडीला रत्नाचाच राग आला होता. इतकी माणसं मी जमवली आणि ही त्यांना तोडायला निघाली, याचा राग. माझा एक दगड झाडावर आपटलेला मी पाहिला. दुसरा कुठे गेला ते पाहिलं नाही, कारण तेवढ्यात ती खाली बसली. कानाच्या वरून रक्त आलं, एकदम पुष्कळ. सगळे जागच्या जागी थांबले. तिला उचललं ते पोरेटीने. स्वतः धड उभा राहू शकत नव्हता, तरी तिला छातीशी धरून, तेवढ्यात गर्दीमागे येऊन थांबलेल्या वनविभागाच्या जीपपर्यंत नेलं. त्याची काठी तिथेच पडली होती, तिच्या रक्तात. त्याच्या वर्दीवरही तिचंच रक्त. पोलिसांना दुसरा पुरावा लागला नाही, आणि गावाने एका तोंडाने काठी सांगितली.

तीन दिवसांनी ती गेली. अपक्ष उमेदवार मेला तर मतदान थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं. यंत्रावर तिचं नाव राहिलं, खाट राहिली. 'वर्दीने घेतला बळी' असे फ्लेक्स मी स्वतः छापले आणि चौकाचौकात लावले. लोकांनी मेलेल्या रत्नाला मतं दिली, तरी ती पडली. निकालाच्या दिवशी पोरेटीची बायको दुकानात आली. कडेवरचं पोर खाली ठेवून तिने नवऱ्याच्या जामिनाच्या कागदांची झेरॉक्स मागितली. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी प्रती काढून दिल्या आणि पैसेही मोजून घेतले.

परवा सकाळी मी देवाजीकडे गेलो. रत्नाची बसायची खोली तशीच आहे. भिंतीला गावागावांचे गठ्ठे आणि खुंटीवर तिची कापडी पिशवी, तीत कोरे कागद आणि कार्बन. कोणाच्या घरी काही झालं की ती पिशवी काढूनच ती बाहेर पडायची. देवाजी खाली बसून गठ्ठ्यांवरची धूळ पुसत होता. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"देवाभाऊ, काठी नाई लागली तिले. दगड लागला. त्यातले दोन माहे होते."

तो पुसत राहिला. "मले मालूम हाय," म्हणाला.

"पाह्यलं तू?"

"तुह्या मांगंच तं होतो." मग फडकं बाजूला ठेवून तो माझ्याकडे पाहत बसला. "तीन मारले मी. बाई फुटली म्हनून जो वरडला ना, तोबी मीच."

तो उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "माह्यं नाव आंधी लिही."