झीनतचं यीस्ट आणि प्राचार्यांचा बल्ब

झीनत मूळची वळसंगची. तिचे वडील लालसाब मंद्रूपच्या बाजाराचा माल टेम्पोतून सोलापुरात आणतात. कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीला ती माझ्या वर्गात होती आणि तिच्याइतकी चिवट मुलगी मी दुसरी पाहिली नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टला वीज कळावी, हे खूळ तिचंच. झीनत, मी आणि वर्गातली आणखी एक मैत्रीण, अशा आम्ही तिघींनी यीस्टमध्ये असं जनुक घातलं, की बारीकसा करंट सोडला की पेशी एक प्रथिन बनवायला लागतात आणि निळ्या दिव्याखाली हिरव्या चमकतात. वर्षभर फसत होतं, मग जमलं. पुण्याच्या स्पर्धेसाठी आमची निवड झाली.

लगेच कॉलेजनं सत्कार ठेवला. पाहुणे बटण दाबणार आणि यीस्ट चमकणार, असा बेत. झीनतनं प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं, "सर, प्रथिन तयार व्हायला तीन तास लागतात." पण पाहुण्यांना पुढं अक्कलकोटला दुसरा कार्यक्रम होता. मग प्राचार्यांनी वायरमनला बोलावून यीस्टच्या फ्लास्कखाली हिरवा बल्ब बसवून घेतला. विज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस हा. मला अजूनही संताप येतो.

पाहुण्यांनी बटण दाबलं, उजेड पडला, टाळ्या झाल्या. झीनतनं फ्लास्क उचलला. उजेड टेबलावरच राहिला आणि तिच्या हातात ताकासारखं गढूळ पाणी.

"साहेब, हा बल्ब आहे. आमचं यीस्ट तीन तासांनी चमकेल. थांबलात तर दाखवते."

पाहुणे थांबले नाहीत. यीस्ट चमकलं, पण बघायला आम्हीच तिघी होतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी झीनतला आणि लालसाबना केबिनमध्ये बोलावून घेतलं. मी दारातच उभी होते. कॉलेजची अब्रू गेली म्हणे. मुलीनं पाहुण्यांची फोनवर माफी मागावी, नाहीतर स्पर्धेतून तिचं नाव कापू. बल्ब लावताना अब्रू कुठं होती, हे विचारायची सोय नव्हती.

लालसाबनी हात जोडले. "पोरगीचं चुकलं, सर." मग झीनतकडं वळून म्हणाले, "माग की माफी. दोन शब्द तर हायत."

"मागते, अब्बा. पण काय म्हणू? बल्ब नव्हता म्हणू?"

लालसाबनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य फोन लावत होते.

"ऱ्हाऊ द्या, सर," लालसाब खुर्चीतून उठले. "कापा तिचं नाव."