पाणी कुणी सोडलं?

अभ्या चौगुलेला एखादी गोष्ट कळली नाही की तो सरळ उभा राहायचा. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चार वर्षं होस्टेलच्या एका खोलीत काढली. सर फळाभर समीकरणं लिहून वळले, की मागच्या बाकावरून हा उभा. "सर, आपल्याला न्हाई कळलं. पहिल्यापासनं सांगा." वर्ग हसायचा. मीही हसायचो, खरं तर मलाही कळलेलं नसायचं. पण मी पुण्याहून आलेला, बारावीला भरघोस मार्क मिळवलेला. मी मान खाली घालून सगळं उतरवून घ्यायचो आणि मग लायब्ररीत जाऊन पुस्तकात शोधत बसायचो. कॉलेज संपताना सरांनी अभ्याला घरी जेवायला बोलावलं. मी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत 'तो पुण्याचा' एवढाच होतो. अभ्याचा हेवा मी तेव्हापासून करत आलो आहे.

पुढे मी जर्मनीत आलो. हॅम्बुर्गला अकरा वर्षं झाली. अभ्या कोल्हापूरजवळच्या आपल्या गावी परतला आणि शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करण्याचं वर्कशॉप टाकलं. पावसाळ्यात पंप बंद, म्हणजे वर्कशॉपही बंद. तेवढा एक महिना तो पाठीवर सॅक टाकून कुठेतरी निघायचा. गेल्या जुलैत त्याचा मेसेज आला, "येतोय. तुमच्या गावात म्हणे गल्लीबोळात कालवे हायत. बघायचेत."

तो आला तेव्हा सॅकमध्ये तीन टी-शर्ट, एक नायलॉनची दोरी आणि किलोभर कांदा-लसूण चटणी होती. दोरी त्याने आल्या आल्या आमच्या बाल्कनीत बांधली आणि तिच्यावर चड्ड्या वाळत घातल्या. मी घाबरलो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई इमारतीच्या नियमांबाबत फार कडक. अकरा वर्षांत त्यांचा माझा संबंध 'गूटन टाग'च्या पुढे गेलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर अभ्या केळ्याची साल हातात धरून खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा, आणि आजीबाई त्याला चारही डबे उघडून कशात काय टाकायचं ते हातवारे करून समजावतायत. संध्याकाळी त्यांनी त्याच्यासाठी आलुबुखारांचा केक पाठवला. मी अकरा वर्षं प्रत्येक कागद, प्रत्येक बाटली बरोबर त्या त्या डब्यात टाकत आलो होतो. माझ्याशी बोलायचं कुणाला काही कारणच पडलं नव्हतं. केक चांगला होता. मला तो गोड लागला नाही.

पण केकचं सोडा. खरी गोष्ट रेवाची आहे.

रेवा माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मला ती बाबा म्हणत नाही, तिच्या वर्गातल्या मुलांसारखं पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'पापा' म्हणते. मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दर रविवारी अकरा वाजता आमच्याकडे मराठीचा तास असतो. मी स्वतः तक्ते केले, रंगीत प्रिंट काढल्या, चुका लाल पेनने दुरुस्त केल्या. तिने एक वाक्य सुरू केलं की मी त्यातला शब्द सुधारून द्यायचो. हळूहळू तिने वाक्यं सुरू करायचंच बंद केलं. ती आपल्या आजीशीही फोनवर नुसती मान हलवून बोलायची. ही मुलगी माझ्याशी माझ्या भाषेत कधीच बोलणार नाही, ही धास्ती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

शनिवारी आम्ही चौघे जुन्या गोदामांच्या भागात गेलो. लाल विटांच्या उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी कालवे, ज्यांना इथे फ्लेट म्हणतात. सकाळची ओहोटीची वेळ होती, फ्लेटात नुसता चिखल. अभ्या कठड्यावरून वाकून बघत राहिला. जेवून दुपारी परत आलो तर त्याच जागी पुरुषभर पाणी आणि त्यात बोटी. अभ्या चमकला.

"आयला! पाटाला पाणी कुणी सोडलं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझा फोन वाजला. कंपनीतलं काम. मी बाजूला गेलो. परत आलो तेव्हा रेवा कठड्याच्या पायरीवर उभी होती आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढत होती. "चंद्र... चंद्र पाणी ओढते."

"काय सांगतीस! एवढं पाणी? कशानं ओढतोय? दोरी हाय का त्याच्याकडं?"

"दोरी नाय!" ती खदखदून हसली. "असंच ओढते."

"आपल्याला न्हाई कळलं, बाय. परत सांग."

आणि तिने परत सांगितलं. इलाज नव्हता, अभ्याला जर्मन येत नव्हतं आणि तिला इंग्रजी.

मला आनंद व्हायला हवा होता. वाटला मात्र हेवा. आठ वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो, ते ती दुसऱ्याच माणसाला देऊन मोकळी झाली होती.

सोमवारपासून मी ऑफिसात आणि हे तिघे फ्लेटांवर. रेवाला शाळेची सुट्टी होती, बायकोने रजा घेतली होती. संध्याकाळी बायको कौतुकाने अहवाल द्यायची. आज पोरीने त्याला पूल मोजायला शिकवलं. आज त्याच्यासाठी दालचिनीचा पाव तिने मागितला आणि त्याचं नाव त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. मी "हो का, वा" म्हणत जेवायचो. माझ्याशी रेवा जर्मनमध्येच बोलत होती.

बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकून तिथे गेलो. आपल्या मुलीवर पाळत ठेवायला, असं म्हटलं तरी चालेल. ती आणि अभ्या पुलावर उभे होते, बायको पलीकडे बाकावर. रेवा वरच्या मजल्यांना लटकलेले लोखंडी आकडे दाखवून सांगत होती, "बोटमधून पोतं येते, मग ते... ते..."

"पोती येतात," मी मागून म्हणालो. "आणि त्या आकड्यांना दोर लावून ती वर ओढली जायची. त्यात कॉफी असायची, मसाले असायचे." मी पाच मिनिटं बोललो. सगळी माहिती अचूक होती. रेवाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि मग ती जर्मनमध्ये म्हणाली, आइसक्रीम घेऊया का?

अभ्या मला कोपराने ढोसत हळूच म्हणाला, "गप की लेका जरा. पोरगी सांगत होती की."

मला त्याचा एवढा राग आला की दिवसभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्याचं खरं होतं, हेच राग येण्याचं कारण.

शुक्रवारी बसस्टँडवर रेवा त्याच्या सॅकला लोंबकळून रडली. मी कंपनीच्या कामाने पंधरा-पंधरा दिवस बाहेर जातो तेव्हा ती हात हलवते आणि खेळायला पळते. अभ्याने मला मिठी मारली. "लई झकास ठेवलंस रे. पोरगी तर वाघीण हाय." मी हसलो. बस सुटल्यावर सुटलो बाबा असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी तक्ते काढले नाहीत. रेवाला घेऊन फ्लेटावर गेलो. ओहोटी होती. मी कठड्यावर वाकलो आणि जमेल तेवढ्या भोळेपणाने विचारलं, "पाणी कुठे गेलं गं?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पापा, दास वाइस्ट डू डॉख." तुला माहीत आहे की.

बरोबरच होतं. अभ्या खोटं विचारत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी माहीत नसल्याचं नाटक करत होतो आणि आठ वर्षांच्या पोरीने ते एका नजरेत ओळखलं होतं. मग मी बराच वेळ विचार केला, की मला खरोखर काय माहीत नाही. उत्तर सापडलं तेव्हा ते उच्चारायला जड गेलं. अशी वाक्यं बोलायची मला सवय नाही.

"रेवा, मी ऑफिसात होतो तेव्हा तुम्ही दोघांनी काय काय पाहिलं, ते मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही."

ती पुलावरून पळत सुटली, पलीकडच्या लोखंडी जिन्याच्या चार पायऱ्या उतरली, खाली वाकून पाहिलं आणि तिथूनच ओरडली,

"बाबा, हिकडं ये! हितनं लई भारी दिसतंय!"

माझ्या घरात, माझ्या आईच्या घरात, आजवर कुणी 'हितनं' म्हटलेलं नाही. माझ्या मुलीच्या तोंडून मला मिळालेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य नखशिखांत अभ्याचं होतं. हेव्याने मी पुन्हा एकदा जळलो. 'इथून म्हण, रेवा,' हे अगदी ओठांवर आलं होतं.

मी ते गिळलं आणि हिकडं गेलो.