गाडीत बोलायचं नसतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही — आणि आमच्या स्टाफरूममध्ये काय काय बोललं जातं ते ऐकलंत तर तुम्ही कानांवर हात ठेवाल. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या सासूबाईंनाही ओळखत नाही. त्या आत्ता मधल्या खोलीत बिरड्यासाठी वाल सोलत बसल्यात. मी काय लिहितेय ते त्या विचारणार नाहीत. मी वह्या तपासतेय असंच त्यांना वाटत असणार.

कुठून सुरुवात करू? गाडीपासून करते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आम्ही महाडला राहतो. नवरा मुंबईत नोकरीला, महिन्या-दीड महिन्यानं येणार. त्याच्या साहेबांनी आपली जुनी गाडी विकायला काढली, ती आम्ही घेतली, आणि बऱ्याच उशिरा, चाळिशीला टेकताना, मी चालवायला शिकले. आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट सुरू होण्याच्या अलीकडे. दर रविवारी सासूबाईंना — मी त्यांना आई म्हणते — घेऊन मी वाडीवर जायची. घर उघडायचं, केर काढायचा, भाताकडे एक नजर टाकायची आणि दुपारी परत. माझं माहेर वाईकडचं, म्हणजे सुट्टीत घाट ओलांडून जाणंही आलंच. पावसाळ्यात आंबेनळीत धुकं उतरलं की पुढचं वळण डावीकडे आहे की उजवीकडे ते कळत नाही, आणि मोबाईलची रेंज नेमकी तिथंच जाते.

आमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीनंच डॅशबोर्डात नकाशाचं यंत्र बसवलेलं होतं. थेट उपग्रहावरून चालणारं, रेंज असो वा नसो. आमच्या गाडीत त्या जागी साधा रेडिओ. तेच यंत्र जुन्या बाजारातून मिळालं तर? हौसेला मोल नसतं. गाडीचं सामान बसवणाऱ्या इक्बालभाईंना मी सांगून ठेवलं, आणि त्यांनी मुंबईच्या भंगारबाजारातून एक सोडून दोन आणली.

निवडायला दोन होती, हे लक्षात ठेवा. माझा गुन्हा तिथूनच सुरू होतो.

इक्बालभाईंनी दोन्ही यंत्रं काउंटरवर मांडून मला नीट समजावलं. आत नकाशाचं कार्ड आहे का बघा, नाहीतर तो नुसता डबा. आधीच्या मालकाचा कोड मिळालाय का बघा, नाहीतर बॅटरी काढली की कुलूप पडतं. पडद्याच्या चारी कोपऱ्यांना बोट लावून बघा. पहिलं यंत्र सगळ्यात पास झालं. पडदा स्वच्छ, नकाशा बऱ्यापैकी नवा, आपला रुंद झालेला हायवेसुद्धा त्यात होता. दुसऱ्याचा पडदा एका कोपऱ्यात पिवळा पडलेला आणि नकाशा हायवे रुंद होण्याच्या आधीचा. पण त्याला माईक होता. बटण दाबून गावाचं नाव बोलायचं, की ते रस्ता दाखवणार. बटण दाबलं की मात्र गाडीत सगळ्यांनी गप्प बसायचं, इक्बालभाई म्हणाले, नाहीतर याला काही कळत नाही. बाई, पहिलंच घ्या, असंही म्हणाले.

मी दुसरं घेतलं.

का? — थांबा. आधी आईंच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं.

आई गाडीत बोलायच्या. म्हणजे दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत. पुढच्या सीटवर बसून प्रत्येक फाट्याला कुणाची तरी मावसबहीण दिलेली, कुणाच्या तरी लग्नात पंगत उठलेली, कुणाची म्हैस विहिरीत पडलेली. तीच म्हैस दर रविवारी पडायची. त्यातच ‘हळू गो’, ‘टेम्पो आला बघ’. एकदा तर ‘हितून जवळ पडतंय’ म्हणून त्यांनी मला एका गल्लीत घातलं, आणि ती एका गोठ्यात जाऊन संपली. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. आठवडाभर पोरांच्या गलक्यानं कान किटलेले असायचे, आणि स्टिअरिंग हातात आलं की वाटायचं, हा तासभर तरी माझा असावा.

‘आई, जरा वेळ शांत बसूया का?’ एवढं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. म्हटलं असतं तर मी वाईट सून झाले असते. मी खोटं बोलले आणि चांगली सून राहिले.

यंत्र बसवल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी त्यांना सांगितलं की हे ऐकतं. गाडीत कुणी बोललं की याचा गोंधळ होतो आणि रस्ता चुकतो. बटणाचं काही बोलले नाही. आईंनी त्या पिवळट पडद्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, ‘शिंक आली तर?’

शिंकलेलं चालतं, म्हणून मी सांगितलं. वर उदारपणाही दाखवला, बघा.

सुंठीवाचून खोकला गेला. ते माईकचं बटण मी आठवड्याभरातच दाबायचं सोडलं, कारण त्याला फक्त साहेबी इंग्रजी कळायचं. मी पोलादपूर म्हटलं की ते भलतंच काहीतरी शोधायला लागायचं. नकाशा तर असा, की नव्या हायवेवर आमची गाडी पडद्यावर सरळ भातखाचरातून चाललेली दिसायची, आणि आतली बाई इंग्रजीत सारखं मागे वळा, मागे वळा सांगायची. धुक्यात मात्र घाटातली वळणं बरोबर दाखवायची, तेवढं तिचं श्रेय. पण नियम? नियम तसाच राहिला. नियमासाठीच तर मी ते यंत्र घेतलं होतं.

आईंनी तो नियम माझ्यापेक्षा जास्त पाळला. वाटेत कुणाला गाडीत घेतलं तर त्या आधीच ओठांवर बोट ठेवून खूण करायच्या. वाडीत अभिमानानं सांगायच्या की आमच्या सुनेच्या गाडीतल्या यंत्राला समदं आयकू येतं. बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. आणि मी — मला ती शांतता आवडली. फार आवडली. खिडकीबाहेर बघत, मांडीवर हात ठेवून त्या बसायच्या. एखादा फाटा आला की ओठ नुसते हलायचे, आणि मिटायचे. ते मला दिसत नव्हतं असं नाही.

आता चंद्रामावशी.

आईंची ही धाकटी बहीण. महाड आणि पोलादपूरच्या मधल्या एका वाडीत दिलेली, हायवेपासून आत. दोघीच बहिणी, आईबाप लवकर गेलेले, तेव्हा धाकटीला आईंनीच अंगाखांद्यावर वाढवलं. मावशींना अर्धांगाचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. आम्ही एकदा जाऊन आलो. मग माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या. एका शनिवारी जेवताना आईंनी विचारलं, उद्या येताना चंद्रीकडे डोकावूया का. मी म्हटलं, बघू.

‘बघू’चा अर्थ आपल्या घरांतून काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनाही माहीत होता. तरी त्या रविवारी वाडीवरून निघताना त्यांनी मांडीवर एक पिशवी घेतली. त्यात कुळथाचं पीठ होतं. मावशींना त्याची पातळ पिठी तेवढीच घशाखाली उतरायची, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं होतं. पिशवी मी पाहिली. काय आहे त्यात ते विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

हायवे रुंद झाल्यापासून मावशींच्या वाडीला जायचं तर बरंच आधी डावीकडे सर्व्हिस रोडला उतरावं लागतं. एकदा का पुलावर चढलात की मग थेट महाड. ती जागा जवळ आली. आतली बाई मागे वळा सांगत होती. आणि आईंनी उजवा हात पिशवीवरून उचलला. दोन बोटं डावीकडे केली. माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं. तोंड उघडलं — आणि परत मिटलं. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला.

मला तो हात दिसला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की माझं लक्ष रस्त्यावर होतं, मागून ट्रक येत होता. ट्रक नव्हता. रस्ता रिकामा होता. मला पेपर तपासायचे होते, घरी जाऊन चहा घेऊन पडायचं होतं, आणि मावशींच्या घरी गेलो की दोन तास मोडणार हे मला ठाऊक होतं. मी पुलावर चढले. आईंचा हात खाली आला. त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा एकदा घट्ट बांधले. घरी आल्यावर ते पीठ त्यांनी डब्यात ओतून ठेवलं आणि मला विचारलं, चहा टाकू का.

पुढच्या रविवारपर्यंत मावशी राहिल्या नाहीत. सकाळी फोन आला, आम्ही निघालो. या वेळी सर्व्हिस रोड मला बरोबर सापडला. गाडी सुरू केली की यंत्र आपोआप सुरू व्हायचं, तसं झालं. आई शेजारी बसून रडत होत्या, आणि मला आवाज येत नव्हता. मी वळून पाहिलं तर पदराचा बोळा त्यांनी तोंडात धरला होता. घट्ट, दातांत. यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून.

यंत्र बंद करायचं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. ते दाबून ‘रडा आई, मोकळं व्हा’ म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग त्यांनी विचारलं असतं — बंद करता येत होतं? मग त्या रविवारी का नाही केलंस? त्या प्रश्नाला मी भ्याले. ज्या बाईची बहीण गेली होती तिला मी रडूसुद्धा दिलं नाही, आणि गिअर बदलत राहिले.

मातीनंतर बायका पडवीत बसल्या होत्या. मावशींची सून वाईट नव्हे, पण दुखावलेली. तिनं बोलून दाखवलं की शेवटचे चार दिवस म्हातारी बाहेर गाडी वाजली की दाराकडे बघायची. तुम्ही तर दर रविवारी इथूनच जाता. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, ती माझ्याकडेच बघून बोलतेय. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवून खरं सांगायची ती वेळ होती. सगळ्यांसमोर नको, निदान आईंना बाजूला घेऊन तरी.

तेवढ्यात आईच म्हणाल्या, ‘सुनेचा दोष नाय गो त्यात. गाडीत बोलायचं नसतं. मीच निघायच्या आधी सांगायला इसरले.’

त्या विसरल्या नव्हत्या. त्या रविवारच्या आदल्या रात्री त्यांनी मला विचारलं होतं, ते त्यांनाही आठवत होतं आणि मलाही. सगळ्या बायकांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, वय झालं की होतं असं. मी तांब्यातलं पाणी सगळ्यांना दिलं.

त्यानंतरही नियम चालूच होता, हे सांगायला मला लाज वाटते. तो मी मोडला नाही. गेल्या पावसाळ्यात यंत्रच मेलं. पडदा काळा झाला तो झालाच. इक्बालभाईंनी ते काढून तिथं परत साधा रेडिओ बसवला, आणि मोबाईल अडकवायला एक स्टँड दिला. मी आईंना सांगितलं, आता बोललं तरी चालतं, या नव्याला त्रास होत नाही. खरं सांगायची ती शेवटची संधी होती, आणि मी तीही एका नव्या खोट्यात गुंडाळली.

पहिले दोन-तीन रविवार त्या गप्पच होत्या. सवय गेली होती. मीच मुद्दाम विषय काढायची, फाटे दाखवायची, ती विहिरीत पडलेली म्हैस कुणाची हो, म्हणून विचारायची. त्या ‘हां, व्हती कुणाची तरी’ म्हणून बाहेर बघायच्या. मग एकदा वाडीवरून येताना सर्व्हिस रोड मागे पडला, आम्ही पुलावर चढलो, आणि बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाईलकडे बोट दाखवून विचारलं, ‘ह्याला आयकू येत नाय ना?’

‘नाही, आई.’

 मग माझ्या डाव्या हातावर, गिअरवर होता त्या हातावर, त्यांनी हात ठेवला. ‘हाच आधी घेतला असतास तर बरं झालं असतं गो. चंद्री भेटली असती.’

मी म्हटलं, ‘हो आई. आधीच घ्यायला हवा होता.’