नाशिक कुणाला दुसऱ्यांदा पाठवत नाही

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ते बुकिंगला बसायचे आणि लोकसभेची निवडणूक लागली की निम्मं द्वारका त्यांच्या टेबलापुढे येऊन उभं राहायचं. दादांना निकाल आधी कळतो, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी मोठ्या कौतुकाने जपली होती.

खरं तर त्यांच्याजवळ विद्या एकच होती. नाशिक कुणाला दुसऱ्यांदा पाठवत नाही. एकदा दिल्लीला धाडलं की पुढच्या खेपेला त्याला घरी बसवायचं, हा आमच्या मतदारसंघाचा रिवाज, आणि तो दादांनी आमच्याकडून पाढे म्हणावेत तसा पाठ करून घेतला होता. कुणाला पक्षानेच तिकीट दिलं नाही, कुणाला तिकीट मिळूनही मतदारांनी पाडलं, कोण लाटेवर चढला आणि पुढच्या लाटेत उतरला, सगळं. पेपरवाले पानभर विश्लेषण छापायचे. द्राक्षवाले नाराज आहेत, कांद्याचा भाव पडलाय, देवळाली कॅम्पाचं मत इकडे झुकतंय, नाशिकरोडचं तिकडे. दादा ते सगळं वाचायचे आणि पेपर घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवायचे.

"सध्याचा कोण आहे? मग तो नाही," एवढं म्हणून ते पुढची पावती फाडायचे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध हा दादांचा सुवर्णकाळ. दिल्लीतली सरकारं इतक्या हौसेने पडत होती, की बोटावरची शाई पुरती जाते न जाते तोच पुन्हा बोट पुढे करायची वेळ यायची. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी दादा बरोबर. सिन्नर-इगतपुरीकडचे ड्रायव्हर ट्रक कडेला लावून "दादा, कुणाचं वारं?" असं विचारायला यायचे. शेजारचा चहावाला त्यांच्याकडून चहाचे पैसे घ्यायचा नाही. निवडणूक आयोगालाही एवढा मान मिळत नसेल.

नियमाला एक पोटनियमही होता. मत वाया घालवायचं नाही. पडणाऱ्याला मत देणं म्हणजे नासलेल्या मालाचं भाडं भरणं, असं दादा सांगायचे. म्हणजे आधी येणारा कोण ते ओळखायचं आणि मग शिक्का मारायचा. लोकशाहीच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नसावं, पण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पटलेलं होतं.

त्याच काळात माझी नोकरी भुसावळला होती. केंद्र सरकारचं खातं, कायम नोकरी, त्यामुळे सोडायचं नाव काढलं तरी लोक वेड्यात काढतील अशी परिस्थिती. नवरा नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, आज रात्रपाळी तर उद्या दिवसपाळी. आमची मुलगी दीड वर्षाची. ती आई-दादांकडे वाढत होती. शनिवारी संध्याकाळी मी गाडी पकडून नाशिकला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. एका शनिवारी मी तिला उचलून घेतलं तर तिने भोकाड पसरलं आणि आईकडे हात केले. "अगं, झोपेत आहे ती," आई म्हणाली. ती चांगली टक्क जागी होती. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले.

हे दादांना कळलं. पुढच्या आठवड्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या नाशिकला बदलीसाठी खासदारांकडे गेले. हे खासदार निवडून येणार हेही दादांनी आधीच सांगितलेलं असल्यामुळे थोडा हक्क होताच. खासदारांनी ऐकून घेतलं, दिल्लीत शब्द टाकला, फाइल हलली असा निरोपही आला. आणि सरकार पडलं. साल मुद्दाम सांगत नाही. त्या काळात ते पडायचंच, वाचकाने आपल्या सोयीचं निवडावं.

खासदारांना पुन्हा तिकीट मिळालं. दादांना ते म्हणाले, "काका, परत निवडून आलो की पहिलं काम तुमच्या लेकीचं."

सबंध मतदारसंघात हे वाक्य ऐकून धसका घ्यावा असा एकच माणूस होता, आणि नेमकं ते त्यालाच ऐकवण्यात आलं होतं.

दोन दिवस दादा नुसत्या पावत्या फाडत राहिले. तिसऱ्या दिवशी टेबलापुढे गर्दी झाली आणि नेहमीचा प्रश्न आला. दादांनी पावतीपुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ह्या वेळी सध्याचाच येणार."

चहावाल्याने विचारलं, "दादा, तब्येत बरी हाय ना?"

दादा नुसतं बोलून थांबले नाहीत. जन्मात कुठल्या सभेला न गेलेला हा माणूस गळ्यात पक्षाचं उपरणं घालून दुपारच्या उन्हात दारोदार फिरायला लागला. मी सरकारी नोकर, मला प्रचार करायला बंदी. ती सोय दादांना नव्हती. शनिवारी मी घरी यायचे तेव्हा आई त्यांचे गुडघे तेल लावून चोळत असायची.

"कशाला करता हे? तुम्हालाच माहीत आहे काय होणार ते," मी म्हटलं.

"तू गप. लेकराला आई पाहिजे," दादा म्हणाले. आईचा हात मध्येच थांबला आणि परत चोळू लागला. मला दादांची इतकी माया आली, की मी तो हात पाहिला तरी त्याचा विचार केला नाही.

गल्लीने दादांना शब्द दिला. ट्रान्सपोर्टच्या हमालांनी दिला, ड्रायव्हरांनी दिला. "दादा, तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही!" चहावाल्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं.

खासदार पडले. आमच्या भागानेही त्यांना हात दिला नाही.

मला वाटलं होतं, आता लोक दादांची टिंगल करतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चहावाला पेढे घेऊन आला. "दादा, मानलं तुम्हाला! तुमचा नियम परत खरा झाला."

"अरे, पण मी सांगितलं होतं ना, ह्याला द्या म्हणून?"

"ते तुम्ही ताईसाठी बोलत व्हता, ते काय आम्हाला कळत नाय का? पर आम्ही तुमचं जुनंच ऐकलं. मत वाया कशापायी घालवायचं?"

वीस वर्षं ज्या लोकांना दादांनी शिकवून तयार केलं, त्यातला एकही जण धडा विसरला नव्हता. कुठल्याही मास्तराने धन्य व्हावं. दादांनी पेढा खाल्ला. हातात दिलेला पेढा खावाच लागतो.

शनिवारी मी आले तेव्हा ते आरामखुर्चीत पडून एकेकाचा उद्धार करत होते. हमाल उलटले, ड्रायव्हर उलटले, समोरचा पिठाच्या गिरणीवाला उलटला. आई स्वयंपाकघराच्या दारात मुलीला वरणभात भरवत बसली होती. ती म्हणाली, "मीही नव्यालाच दिलं."

दादा उठून बसले. "तू?"

"तुम्हीच शिकवलंत की. पडणाऱ्याला देऊ नये."

जिला ते जन्मभर विद्या म्हणत आले ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच गुडघ्यांना तेल चोळत मुरली होती. ह्यावर रागवायचं तरी कुठून सुरू करायचं, हे त्यांना सुचेना. चपला घालून ते बाहेर गेले. पुढच्या निवडणुकाही ते बरोबर सांगत राहिले. दोन हजार चारला नवा माणूस, दोन हजार नऊला पुन्हा नवा. मधे मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, नकाशा बदलला, नाशिकची सवय काही बदलली नाही. माझी बदली मात्र ह्यांतल्या कुणीच केली नाही. माझा नंबर लागला तेव्हा ती आपोआप झाली, बऱ्याच उशिराने.

त्या संध्याकाळी दादा बाहेर गेल्यावर आईने मुलीचं तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नियम-बियम काही नाही गं. बदली झाली असती तर तू हिला घेऊन एकलहऱ्याला गेली असतीस."

मला संताप आला. दादांचे गुडघे, माझे सोमवार, मोरीतलं ते रडणं, सगळं एकदम वर आलं. "आई, एकलहरे म्हणजे काय परदेश आहे? बसने पाऊण तास! आणि तुझ्या एका मताने काय होणार होतं?"

"काहीच होणार नव्हतं," आई म्हणाली. "माहीत होतं मला. म्हणून तर दिलं."

मुलगी तिच्या मांडीवर पेंगायला लागली होती.

रविवारभर मी आईशी बोलले नाही. सोमवारी पहाटे तिने नेहमीप्रमाणे पोळीभाजीचा डबा भरून दिला, तो घेतला. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. निघताना दोन मिनिटं तिला माझ्याकडे दे म्हणावं, असं फार वाटत होतं. पण मुलीने मान हलवून परत आईच्याच गळ्यात तोंड खुपसलं असतं तर, ह्या भीतीने मी तशीच पायऱ्या उतरले.