गुरुवारचं चौथं माणूस

याबा अँपिया गुरुवारी जन्मली. नावातच वार असल्यामुळे हे तिला कुणाला सांगावं लागत नसे. तरी ती सांगे. समुद्रकाठच्या त्या गावात सगळ्यांचीच नावं वारावरून ठरत. याबा आणि एकोव गुरुवारचे, एफुआ आणि कोफी शुक्रवारचे. गावातल्या छोट्या मेथडिस्ट चर्चने याचा फायदा घेऊन बाकडी, कामं आणि भांडणं, तिन्ही वारांप्रमाणे वाटून दिली होती. देवाने आठवड्याला सात दिवस दिले ते झाडलोटीच्या पाळ्या लावता याव्यात म्हणून, असं तिथल्या मंडळींचं प्रामाणिक मत होतं.

याबा केंके विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या पानात घट्ट बांधून उकडायचं आणि डोक्यावर टोपलं घेऊन होड्या लागतात तिथे जायचं, हे तिने आईकडून उचललं. गुरुवार गटाचं पुढारपणही आईकडूनच आलं. केंके खपत होतं, गट मात्र आटत चालला होता. काही गुरुवारवाले शहरात गेले, काही देवाघरी, आणि एक जण बायकोच्या नादाने दुसऱ्या चर्चमध्ये. यांतल्या शेवटच्यालाच याबा खरा मेला समजत असे. उरले तिघं: याबा, तिची शाळामास्तरीण भाची, आणि म्हातारा एकोव, जो पहिल्या प्रार्थनेला डोळे मिटायचा ते शेवटच्या गाण्याला उघडायचा.

अडचण मांडवाची होती. सुगीच्या सणाला प्रत्येक वाराने आपला मांडव उभारायचा. चार खांब, खांबामागे एक माणूस. गुरुवारचा चौथा कोपरा वर्षानुवर्षं अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेला असे. "आमचा चौथा मेंबर," याबा म्हणायची. "वेळेवर येतो आणि चहाड्या करत नाही."

यंदाच्या वादळात मेंबर आडवा झाला.

पुढच्याच रविवारी आर्थर मास्तर सूचना वाचायला उभे राहिले. चर्चची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि प्रवचन कितीही लांबलं तरी सूचना त्याहून लांब असल्या पाहिजेत, हा त्यांचा नेम होता. मंगळवारी होड्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा पुरुषांनी चुना मारायला यावं. शनिवारी बायकांनी भांडी घासायला यावं. गाणाऱ्यांनी तालमीला यावं, आणि गेल्या वर्षी गायलेल्या काही जणांनी कृपया येऊ नये. शेवटी ते म्हणाले, "गुरुवारला सणाआधीच्या रविवारपर्यंत चौथं माणूस मिळालं नाही, तर तो गट शुक्रवारात मिसळला जाईल. चारपेक्षा कमी माणसांना काम देणं म्हणजे कामाचाच छळ आहे."

शुक्रवारची पुढारी होती एफुआ यांक्सन. मासे धुरावर वाळवायचा धंदा, आवाज खणखणीत. चर्चच्या दारातच तिने याबाला गाठलं.

"ये गं ये, आंटी याबा. तुझ्यासाठी बाकड्याच्या टोकाला जागा करते."

"टोकाला तूच बस, एफुआ. मधे बसतेस तर बाकडं वाकतं."

"वाकू दे. निदान भरलेलं तरी असतं!"

याबा हसली, पण त्या दिवशी टोपल्यातलं केंके विकताना तिच्याकडून दोघांना सोबतची मिरचीची चटणी वाढायची राहिली, आणि असं कधी होत नसे. आईने मरताना घर भावाला दिलं होतं, आणि याबाला हे बाकडं. ते आता एफुआच्या हाताखाली जाणार होतं.

मग ती माणूस शोधायला निघाली. बाजारात अनोळखी माणसाला ती आधी नाव विचारायची आणि मग केंके द्यायची. नाव शुक्रवारचं निघालं की केंके लहान. गावात एकुआ नावाच्या कोळणीचे दिवस भरत आले होते, आणि बारसं झालेलं मूलही मोजायला आर्थर मास्तरांची हरकत नव्हती. याबा बुधवारपासून तिच्याकडे पामफळांचं कढत सार घेऊन जाऊ लागली, बाळाने जरा घाई करावी म्हणून. गुरुवारी एफुआ उशी घेऊन आली. "पड गं, पोरी. उद्यापर्यंत अजिबात हलू नकोस." एकुआने याबाचं सार प्यायलं, एफुआची उशी घेतली, दोघींची सेवा घेतली आणि शनिवारी बाळंत झाली. शनिवारचं बाकडं आधीच ओसंडून वाहत होतं.

सणाआधीचा रविवार उजाडला. याबा आईचं चांगलं वस्त्र नेसली. हरायचंच तर नीटनेटकं हरावं. आर्थर मास्तरांनी चुना झाला, भांडी झाली, गाणाऱ्यांतल्या ज्यांनी यायचं नव्हतं तेही आले, असं सगळं वाचलं आणि घसा खाकरला. "गुरुवार आजपासून शुक्रवारात. कुणाला काही म्हणायचंय?"

असं ते दर वेळी विचारत. कुणाला काही म्हणायचं नसे.

शुक्रवारच्या बाकड्यावरून कोफी उठला. एफुआचा नवरा. लग्नापासून त्याने चर्चमध्ये तोंड उघडलं होतं ते फक्त गाण्यासाठी, तेही बायकोने कोपर मारल्यावर.

"मी गुरुवारचा आहे," कोफी म्हणाला.

"खाली बस," एफुआ कुजबुजली. ती कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"आजोबांचं नाव ठेवलं मला, त्यांच्या वारासकट. आजोबा शुक्रवारचे होते. मी आदल्या दिवशीचा."

"पुरावा काय?" आर्थर मास्तरांनी विचारलं.

म्हातारा एकोव, शेवटचं गाणं झालेलं नसतानाही, जागा होता. "खरं आहे. आमच्या शेजारीच जन्मला. गुरुवारी, भर बाजाराच्या वेळेला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, आजोबा?" याबा ओरडली.

"मला कुणी विचारलं?"

एफुआ आता उभी होती. "आणि तू? एवढी वर्षं माझ्या शेजारी खोटा बसलास?"

कोफीने टोपी हातात फिरवली. "तरुणपणी विचार केला होता गुरुवारच्या बाकड्याचा. पण तू शुक्रवारच्या बाकड्यावर बसायचीस."

मग बायकांनी आनंदाने पांढरे रुमाल काढले आणि हवेत असे फिरवले की आर्थर मास्तरांचा कागद उडाला. ढोलवाल्याने कुणी न सांगता ढोल धरला. याबा हसत होती आणि रडतही होती, आणि रुमाल दोन्ही कामांना एकच होता.

"आता का बोललास पण?" गलका जरा ओसरल्यावर एफुआने विचारलं. आवाज बराच उतरला होता.

"आंटी याबाचं बाकडं जातंय. आणि आपल्याकडे माणसं रग्गड. मी नसलो तर कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," एफुआ म्हणाली. हे मात्र खरोखरच हळू होतं. पण याबाने ऐकलं.

"एफुआ," ती मधल्या वाटेपलीकडून म्हणाली, "घरी तुझाच राहील गं. मला फक्त रविवारपुरता हवाय."

"ने, ने. स्वयंपाकात कामाचा नाही, आधीच सांगून ठेवते. आणि तक्रार घेऊन आलीस तर परत घेणार नाही!"

कोफी वाट ओलांडून आला. आर्थर मास्तरांनी खाली वाकून कागद उचलला, शेवटची सूचना खोडली आणि नाइलाजाने लवकर संपवलं. याबा त्याला खिडकीकडची जागा देणार, एवढ्यात पलीकडून एफुआची हाक आली.

"अगं, त्याला वाऱ्यात बसवू नकोस! दुपारभर शिंकत बसतो!"

याबाने जन्मात एफुआचा सल्ला मानला नव्हता. तिने कोफीला दंडाला धरलं, मधल्या वाटेकडे बसवलं, आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः बसली.