करंगळी म्हणजे तेरा नंबर

सकाळी दुकानात झाडू मारला की रोज काहीतरी निघतंच. वायसर, अर्धा बोल्ट, कुणाच्या तरी खिशातून पडलेली गोटी. फेकवत नाही म्हणून मी ते एका डब्यात टाकते. किस्स्यांचंही तसंच झालंय बघा. कुणी मुद्दाम आणून देत नाही, पण चाळीस वर्षं काउंटरवर बसलं की डबा आपोआप भरतो! मी काही शाळेत गेले नाही, तेव्हा अक्षरं नातीची आणि बोलणं माझं.

आमचं हत्यारांचं दुकान पनवेलात, कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजूबाजूला सगळी गॅरेजं. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतात त्या सुट्या गोट्या. गोटी म्हणजे रॅचेटच्या, नट खोलायच्या दांड्याच्या, तोंडाला लावायची पोलादी वाटी. ती नटावर बसवायची आणि दांडा फिरवायचा. अख्खा सेट माणूस आयुष्यात एकदा घेतो. पुढे एक गोटी हरवते, एक फुटते, आणि पेटीचं बोळकं होतं. मग लोक आमच्याकडे येतात, कवळी बसवायला!

*

गोटीवर नंबर कोरलेला असतो म्हणतात. असेल. मला तो वाचता येत नाही, आणि जुन्या गोटीवर तो शिकलेल्यांनाही दिसत नाही. माझे नंबर माझ्या हाताला. करंगळी पहिल्या पेरापर्यंत घट्ट बसली की तेरा. मधलं बोट म्हणजे सतरा. अंगठा म्हणजे एकवीस. मधले नंबर अंदाजाने. आजवर चुकले नाही.

म्हणजे एकदाच चुकले.

त्या दिवशी घरून निघताना उजव्या हाताला गांधीलमाशी चावली. हात सुजला, पण दुकान कसं बंद ठेवणार? दिवसभर गोट्या दिल्या. दुपारपासून एकेक मिस्त्री परत यायला लागला. "मावशी, ढिली होते!" "मावशी, गरागरा फिरते नटावर!" मी प्रत्येकाशी भांडले. म्हटलं, "चाळीस वर्षं देतेय, मला शिकवू नका!"

शेवटी सलीम मिस्त्री आला. समोरचं मोठं गॅरेज त्याचं. गल्लीतले सगळे मिस्त्री त्याच्या हाताखाली शिकलेले, आणि तो जिथून घेईल तिथूनच घेणारे. त्याने गोटी पाहिली, मग माझा हात पाहिला आणि म्हणाला, "खाला, गोटी बदलून नको. बोट उतरू द्या, मग येतो!"

*

एकदा एक इंजिनिअर आला. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, खिशात मापायचं यंत्र. दहा नंबरची गोटी हवी होती. मी पाच काढून दिल्या. त्याने प्रत्येकीच्या भिंतीची जाडी मापली, चारी बाजूंनी. भोक मधोमध आहे का ते बघितलं. आतले कोपरे टॉर्च लावून बघितले. वहीत लिहून काढलं. मला खरंच कौतुक वाटलं. म्हटलं, असं गिऱ्हाईक हवं, याला माल कळतो!

तासाभराने मान वर करून म्हणतो कसा, "आजी, यातली चकचकीत मिळेल का? माझ्या बाकीच्या सगळ्या चकचकीत आहेत!"

*

माझा मुलगा दिलीप. बारावी शिकलाय, हिशेबाला चोख, स्वभावाने गरीब. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात एका सेल्समनने घर केलं. हा सेल्समन मे महिन्यातही टाय लावून येतो, म्हणून आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. त्याच्या बॅगेत गोट्यांचा नमुना होता. अशा चकाचक, की दुकानातला बल्ब प्रत्येकीत वेगळा पेटलेला दिसावा!

"मावशी, जुना माल काढून टाका. सगळं आमचंच ठेवा. वर बोर्ड आम्ही लावून देतो, लाइटवाला!"

दिलीप बोर्डाला भुलला. मला विचारलं, "कशी वाटते?"

मी गोटी रॅचेटला लावली आणि रॅचेट उलटा धरला. चांगली गोटी लटकून राहते. ही टपकन पडली. पण मी बोलायच्या आधी माझ्या सुनेने, सुरेखाने, ती उचलली. तिची टिकली घामाने सरकली होती. तिने गोटीत बघून टिकली नीट केली.

मी टायवाल्याला म्हटलं, "टिकली बसली बाबा. आता नट बसतो का ते सांग!"

तो हसला. दिलीप हसला नाही. "आई, जमाना शोभेचा आहे. तुझ्या काळ्या गोट्या बघून नवीन गिऱ्हाईक पायरी चढत नाही." पोराचं अगदीच खोटं नव्हतं, हीच पंचाईत. नमुन्याचा ट्रे टायवाला ठेवून गेला. म्हणाला, दिवाळीआधी ऑर्डर पक्की करू.

*

मधेच खंडेनवमी आली. आमच्याकडे हत्यारांची पूजा जोरात असते. पाट मांडायचा, वर लाल कापड, झेंडूच्या माळा. पूजेला मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा सासऱ्यांपासूनचा नियम.

नेमका त्याच सकाळी सलीमकडे नारळांचा ट्रक येऊन अडकला. ड्रायव्हर केरळचा, बिचारा रडकुंडीला आलेला. सलीमने निरोप पाठवला, खाला, मोठ्या गोट्या लागतील, आजच लागतील.

मी काय केलं, चांगल्या गोट्या सलीमकडे पाठवल्या आणि पाटावर टायवाल्याच्या मांडल्या! हळद, कुंकू, फूल, सगळं यथासांग.

दहा वाजता टायवाला पेढे घेऊन हजर. स्वतःच्या गोट्या देवापुढे बघून त्याला गहिवरून आलं हो! वाकून नमस्कार केला, चार बाजूंनी फोटो काढले, साहेबाला पाठवले. जाताना माझ्याही पाया पडला.

तो गेल्यावर दिलीप खूश होऊन म्हणतो, "आई, म्हणजे तुला पटला ना माल?"

म्हटलं, "पटला की! देवाला कुठं नट खोलायचाय!"

*

आता जरा गंभीर. माझा भाऊ बाळाराम जवळच्याच कोन गावात राहतो. त्याच्या भाजीच्या मळ्यावर पाण्याचा पंप आहे. तो एकदा दुकानात आला तेव्हा मी नेमकी डॉक्टरकडे गेले होते. दिलीपने मामाला कौतुकाने नमुन्यातली एक गोटी भेट दिली.

दोन दिवसांनी बाळाराम परत आला. काउंटरवर मूठ उघडली. आत एक नट. सहाच्या सहा कोपरे गायब, नुसता गोल!

"बाय, ह्यो नट व्हता. तुज्या पोराच्या गोटीनं त्याचा लाडू क्येला! छिन्नी लावून कापला तवा निंगाला. दोन दीस वांग्यांना पानी नाय."

दिलीपने मान खाली घातली, पण हटला नाही. "मामा, एखादी निघते खराब."

सलीम तिथेच चहा पीत होता. त्याने तो नट उचलला, बोटात फिरवला आणि बशीत ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "दिलीपभाई, आपकी दुकान, आपकी मर्जी. पण हा माल लागला तर मी उद्यापासून कळंबोलीहून घेईन. माझ्या पोरांच्या बोटांचा सवाल आहे. गोटी घसरली की हात लोखंडावर जातो."

सलीम गेला की गल्ली गेली. हे मला कळत होतं आणि दिलीपलाही. पण माणूस एकदा बोर्डाची स्वप्नं बघायला लागला की त्याला आईचंही ऐकू येत नाही आणि मिस्त्रीचंही. त्या रात्री तो जेवताना म्हणाला, "आई, तू चाळीस वर्षं चालवलंस. आता एकदा मला माझ्या मनाने चालवू दे." म्हटलं, "चालव बाबा."

*

आणि दिवाळीच्या आधीचा सोमवार उजाडला. टायवाला ऑर्डरचा फॉर्म घेऊन आला. पांढरीशुभ्र नवी गाडी दुकानासमोर लावली. सुरेखाने चहा ठेवला. दिलीपने फॉर्म काउंटरवर पसरला, पेन काढलं. जुना माल सगळा परत, नवीन वीस पेट्या, वर बोर्ड. मी माझ्या स्टुलावर डब्यातले वायसर निवडत बसले.

तेवढ्यात सलीमने समोरून हाक मारली, "ओ साहेब, आपकी गाडी बैठ गई!"

आमच्या रस्त्यावर लोखंडाचे ट्रक जातात, खिळे सांडतात. पुढच्या टायरात हा एवढा खिळा! गाडीतला पाना शोधला तर जागेवर नाही. सलीम म्हणाला, "कोई बात नहीं, मी बदलतो. माझी एकोणीस नंबरची गोटी पोरांनी बाहेर नेलीय, तुमच्याकडची द्या." आणि जॅक लावायला बसला.

दिलीपने मोठ्या रुबाबात नमुन्याच्या ट्रेमधून एकोणीस नंबर उचलली. "घ्या सलीमभाई! यांचीच गाडी, यांचाच माल. तुम्हीच लावून बघा!"

सलीमने ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि रॅचेटला लावली. नट गच्च आवळलेले होते. तो चाकाशी वाकला.

"एक मिनिट, एक मिनिट!" टायवाला धावतच माझ्याकडे आला. कपाळावर घाम. टाय सैल केला, काउंटरवर वाकला आणि माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

माझे कान आजही चांगले आहेत. चार दुकानं पलीकडे गोटी पडली तरी मी सांगते, पोलाद आहे की पत्रा. पण तेव्हा मी हात कानामागे धरला. "काय म्हन्तोस? जरा मोठ्यानं बोल बाबा, म्हातारीला ऐकू येत नाय."

त्याने मागे बघितलं. दिलीप पेन हातात धरून उभा होता. सुरेखा कपबशा घेऊन उभी होती. सलीमने चाकावरून मान वर केली होती.

"मावशी," तो जवळजवळ ओरडलाच, "तुमच्या काळ्यातली एक द्या ना! गाडी सासऱ्यांची आहे!"