आलेखावरचं डाळिंब

डाळिंबाची कोवळी पालवी इतकी तांबूस आणि तलम असते, की तिला स्पर्श करताना आपलाच हात राकट वाटावा! एकोणीसशे पन्नासच्या दशकात इंदापूरच्या शाळेत मी नुकतीच विज्ञान शिकवू लागले होते, तेव्हा दर रविवारी निरवांगीला तात्यांच्या मळ्यात मी ही पालवी मोजायला जाई. तात्यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. थोडी जमीन पाटाच्या पाण्याखाली आल्यावर उतारवयात हे एकच डाळिंब त्यांनी हौसेनं लावलं होतं.

मला एक वेड होतं. फांदी किती पेरांनंतर फुटते, कोणत्या अंशात वळते, हे टिपायचं आणि त्या नियमानं पुढच्या काळातलं झाड आलेखाच्या कागदावर आधीच वाढवायचं. आज हे काम संगणक पापणी लवायच्या आत करतो. माझ्याजवळ पट्टी, कोनमापक आणि खोडरबर एवढीच सामग्री. सजीवाची वाढ अशी गणितात धरता येते का? तेव्हा माझी तशी निःशंक श्रद्धा होती.

पावसाळा सरता सरता तात्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि ते त्यांनाही उमगलं होतं. एका सकाळी म्हणाले, "बाई, तुमी म्होरचं झाड काढता न्हवं? तीन वर्सांनंतरचं दावा मला."

आठ दिवस खपून मी ते काढलं. त्यांचं बोट एकेका फांदीवरून फिरलं आणि थबकलं.

"फळं कुठं हायत?"

"फळांचा नियम मला अजून सापडला नाही, तात्या."

"नियम ऱ्हाऊ दे, पोरी. फळं काढ."

शास्त्राशी केलेली ती माझी पहिली प्रतारणा! पण कागदावर चार डाळिंबं लगडताच त्या म्लान चेहऱ्यावर जी तृप्ती उमलली, ती कोणत्या मापानं मोजावी? दिवाळीआधीच तात्या गेले.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नीनं, काशीबाईंनी, मला बोलावून घेतलं. झाड फळांनी वाकलं होतं. पण माझ्या चित्राशी काही केल्या जुळेना. शेळीनं शेंडा खाल्ला होता आणि बुंध्यातून फुटलेल्या फांद्यांचं ऐसपैस झुडूप झालं होतं. मी खजील झाले. काशीबाईंनी जपून ठेवलेला तो कागद माझ्यापुढं उलगडला.

"तुमचं चुकलं न्हाय, बाई," पदरानं डोळे टिपत, हसत त्या म्हणाल्या, "निसती शेळी काढायची ऱ्हायली."

मी तिथंच बांधावर बसले, आणि शेंड्याकडं मान उंचावलेली एक शेळी काढली.